तणातली ओळ

मॅडम पूर्ण डोळे उघडून काही बघतच नसत. फळा असो, वर्तमानपत्र असो, ताटातली आमटी असो की समोर उभे असलेले प्राचार्य असोत, त्या पापण्या मिटत आणायच्या, दोन बारीक फटी ठेवायच्या, मान जराशी मागे घ्यायच्या आणि मग बघायच्या. आमच्या तंत्रनिकेतनात त्या रुजू झाल्या त्या दिवशी प्राचार्य स्वागताचं भाषण करत होते आणि मॅडम पहिल्या रांगेतून त्यांच्याकडे तशाच बघत होत्या. भाषण संपल्यावर प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नव्या बाईंना झोप येत होती, की माझं बोलणं पटत नव्हतं?" मला तरी काय माहीत! मी आपला कर्मशाळेत वेल्डिंग शिकवणारा माणूस. ठिणग्यांकडे बघून बघून माझे स्वतःचेच डोळे कायम लाल, त्यावरून लोक माझ्याबद्दल काय काय बोलायचे ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "सर, एवढ्या लवकर माणसाबद्दल मत करू नये."

पोरांनी आठवड्याच्या आत त्यांचं नाव 'मिचमिच मॅडम' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. वर्गात म्हणाल्या, "नाव बरोबर ठेवलंत. आता मिचमिच करायला शिका. खिडकीबाहेर काय दिसतं?" पोरं म्हणाली, लिंबाचं झाड. "पानं किती?" "लई." "आता डोळे बारीक करा. पानं गेली की नाही? खोड राहिलं की नाही?" सगळा वर्ग डोळे बारीक करून खिडकीकडे बघत असतानाच व्हरांड्यातून प्राचार्य चालले होते, हा आमच्या संस्थेच्या नशिबाचा भाग. "कमी बघा, म्हणजे नीट दिसेल," हे मॅडमचं वाक्य तेव्हापासून कॉलेजभर झालं. परीक्षेच्या दिवसांत पोरं पर्यवेक्षकांनासुद्धा तेच ऐकवायची.

त्या आमच्या माजलगाव तालुक्यातल्याच, दिंद्रुडच्या अलीकडच्या एका गावच्या. घर बौद्ध वस्तीत. आजोबांनी गायरानातले दगड वेचून एक वावर केलेलं, त्यात कापूस निघायचा; बाकी सगळा संसार मायच्या खुरप्यावर. वडील लवकर गेले. माय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि शाळा सुटली की ही पोर बांधावर जाऊन उभी राहायची. डोळ्यांना नंबर होता, पण तो कुणाला माहीत नव्हता. एकदा चहा पिताना मॅडमनी मला सांगितलं, "बायका लांब असायच्या, सर. सगळ्यांचे पदर डोक्यावर, तोंडं खाली. मला चेहरा एकीचाही दिसायचा नाही. मग मी डोळे बारीक करायची. वाकलेल्या ठिपक्यांची ओळ दिसायची आणि त्यातला एक ठिपका कायम बाकीच्यांच्या जरा पुढं असायचा. ती माझी माय." पुढे चष्मा लागला, शिष्यवृत्तीवर शिक्षण झालं, मोठ्या शहरातली नोकरी चालून आली, ती सोडून त्या आमच्याकडे आल्या. सवय तेवढी गेली नाही. चष्म्याच्या आतूनही त्या डोळे बारीकच करायच्या.

आल्यावर त्यांनी एक काम हातात घेतलं. शेतात आपलं आपण चालणारं, कोळपणी करणारं लहानसं यंत्र. पुढे काठीवर कॅमेरा, खाली बॅटरी, मागे कोळप्याची पास, म्हणजे तण कापणारं आडवं पातं. कॅमेऱ्याने रानाचं चित्र घ्यायचं, त्या चित्रातून पिकाची ओळ कुठली ते यंत्राने ओळखायचं आणि दोन ओळींच्या मधून चालत तण कापायचं. ऐकायला सोपं. पण पावसाळ्यात आमच्याकडच्या रानाचा फोटो काढून बघा. केना, लव्हाळा, हराळी असलं तण, गेल्या वर्षीची धसकटं, ढेकळांच्या सावल्या, चमकणारे दगड, वाऱ्याने आलेल्या पिशव्या, आणि या सगळ्यात कुठंतरी कापसाची रोपं. आपल्या डोळ्यांना ती दिसतात, यंत्राला नुसता हिरवा गोंधळ दिसतो. सांगाडा मी वेल्ड करून दिला. पहिल्यांदा चाललं तेव्हा त्याचे पाय चार दिशांना फाकले, म्हणून मी त्याला 'वासरू' म्हणालो. मॅडमना नाव आवडलं आणि कागदोपत्री काहीही असलं तरी ते शेवटपर्यंत वासरूच राहिलं.

आमचं पहिलं भांडण काचेवरून झालं. मी स्वच्छतेचा माणूस. कर्मशाळेत तेलाचा डाग दिसला तर मला जेवण जात नाही. मी रोज सकाळी मऊ फडक्याने कॅमेऱ्याची काच पुसायचो आणि मॅडम रोज दुपारी तिच्यावर धूळ उडवायच्या. एकदा तर डोळ्यांदेखत त्यांनी बोटाला जरा तेल लावून काचेवर फिरवलं. मी म्हटलं, "मॅडम, हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या, "सर, रानात तुम्ही फडकं घेऊन त्याच्या मागे पळणार आहात का? स्वच्छ फोटो कुणालाही वाचता येतो. आपल्याला घाण फोटो वाचायचाय." त्यांच्या संगणकात हजारो फोटो होते आणि एकही धड नव्हता. कशावर पावसाचा थेंब, कशावर सूर्य सरळ काचेत शिरलेला, कशावर बैलाचं शेपूट. चांगला आला तर त्या पुसून टाकायच्या. फडकं मी खिशात घातलं ते वर्षभर बाहेर काढलं नाही, पण हात शिवशिवायचे हे खरं.

वासरू त्या गोंधळातून ओळ कशी काढतं, हे त्यांनी सगळ्यात सोपं करून सांगितलं ते आबांना. आबा म्हणजे मॅडमच्या गावचे मोठे बागायतदार, गावच्या राजकारणात मुरलेले. त्यांनी कौतुकाने आपलं रान आम्हाला चाचणीला दिलं होतं. ते एकदा बांधावर बसून म्हणाले, "पोरी, ह्या डबड्याला कळतंय कसं, सांग की." मॅडम म्हणाल्या, "आबा, आधी ते हिरवं तेवढं ठेवतं, माती सोडून देतं. मग डोळे बारीक करतं, म्हणजे चित्र मुद्दाम जरा पुसट करतं, बारीकसारीक कचरा त्यात विरून जातो. मग निवडणूक. उरलेला प्रत्येक हिरवा ठिपका मत देतो. मी ज्या ज्या ओळीत असू शकतो त्या सगळ्या ओळींना एकेक मत. तण कुठंही उगवलेलं, त्याची मतं दहा दिशांना जातात. कापूस एका रेषेत लावलेला, त्याची मतं एकाच ओळीवर पडतात. मोजणी झाली की जिला जास्त मतं ती ओळ खरी."

आबांचे डोळे चमकले. एवढी वर्षं मी इंजिनियर पोरांच्यात काढली, पण इतक्या लवकर समजलेला माणूस पाहिला नव्हता. "म्हंजे तण कितीबी माजू दे," आबा म्हणाले, "त्याच्यात एकी न्हाई म्हणून ते पडतंय."

"बरोबर."

"आन एकी झाली तर?"

मॅडमनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "मग वासरू फसणार, आबा."

"मागच्या वेळंला आमीबी तसंच पडलतो," आबा म्हणाले आणि पोट धरून हसले.

फसायचा प्रसंग आलाही, पण आधी तणामुळे नव्हे, आपल्या रितीमुळे. कापूस फुलीवर लावायची आमच्याकडे पद्धत. उभ्या-आडव्या रेघा पाडायच्या आणि जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं सरकी टोबायची, म्हणजे कोळपं उभंही चालतं आणि आडवंही. पण फुलीवर लावलेली रोपं तिरप्या बाजूनेही सरळ ओळीतच दिसतात, हे कुणाच्या ध्यानात राहतं? वासरू वावराच्या मध्यापर्यंत शहाण्यासारखं गेलं आणि तिथून जे तिरपं निघालं ते थेट कोपऱ्याकडे. आबांनी बांधावरून हाळी दिली, "अरे धरा बे त्याला! आष्टीला सोयऱ्याकडं निघालंय काय!" मॅडम धावल्या नाहीत. उभ्या राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक त्याची नाही. ओळ आहेच की तिथं. आपण कुठून निघालोय, हे त्याला आठवत नाही." त्यानंतर त्यांनी त्याला मागची चाल लक्षात ठेवायला शिकवलं. एकदम वळायचं नाही, आताच्या चित्राला आधीच्या चित्रांशी ताडून बघायचं.

दुसरी शिकवण मला मुळीच आवडली नव्हती. मतं फार विखुरली, कुठल्याच ओळीला ठळक बहुमत नाही असं झालं की वासरू जागच्या जागी थांबायचं आणि त्याच्यावरचा पिवळा दिवा लागायचा. आम्ही सांगाडा मजबूत केलेला, मोटर दणकट, आणि हे निम्म्या वावरात मुकाट उभं! मी म्हटलं, "मॅडम, थोडं पुढं गेलं तर आपोआप सापडेल की ओळ. असं लाजरं यंत्र कोण घेईल?" त्यांनी नेहमीसारखे डोळे बारीक केले. "सर, दिसत नसताना चालणाऱ्याला आपण धाडसी म्हणतो. त्याच्या पायाखाली जे रोप येतं त्याला विचारा." मी गप्प बसलो. तसा मी सहजी गप्प बसणारा नाही, हे घरी कुणालाही विचारा.

मग कामाची पाहणी करायला समिती यायची ठरली. विद्यापीठाकडून तीन माणसं. त्यांनी वासरू गच्च तणात चालताना बघायचं, समाधान झालं तर पुढच्या हंगामापर्यंत काम चालू, नाही तर तिथल्या तिथं बंद आणि वासराची रवानगी आमच्या अडगळीच्या खोलीत. त्या खोलीत असले कितीतरी प्रकल्प झोपलेले आहेत, मी स्वतः कुलूप लावतो म्हणून माहीत. मॅडमना त्या दिवसांत चहाही गोड लागत नव्हता. मायने आयुष्यभर ज्या कामासाठी कंबर वाकवली ते काम यंत्राने करावं, आणि मायने ज्या रोपाला कधी धक्का लावला नाही त्याला यंत्रानेही लावू नये, एवढंच त्यांना हवं होतं. "एकही रोप कापायचं नाही, सर," असं त्या माझ्याशी बोलत होत्या की वासराशी, ते मला कळायचं नाही.

समिती आली त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. आबांनी बांधावर मंडप घातला होता, खुर्च्या, चहा, फेटे, सगळा थाट. वासरू आम्ही रानाच्या तोंडाशी उभं केलं. समितीचे प्रमुख चष्मा पुसत पुढे आले, त्यांनी वावरावरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "मॅडम, तण कुठे आहे?"

मी बघितलं. काळीभोर माती आणि तिच्यावर कापसाची हिरवी रोपं, बाकी काडीसुद्धा नाही. इतकं स्वच्छ वावर मी जन्मात पाहिलं नव्हतं. परवापर्यंत तिथं गुडघ्याएवढा केना होता.

आबा छाती पुढे काढून म्हणाले, "तण? साहेब, तुमी पाव्हणे. पाव्हण्यांपुढं काय तण ठिवतेत व्हय? आमाला लाज न्हाई का?"

मंडपामागे बायका उभ्या होत्या. त्यांतून एक म्हातारी पुढे आली. वाळलेली काठी, पण डोळ्यांत उजेड. मॅडमची माय. "मीच बायका जमवल्या," ती अभिमानाने म्हणाली, "लेकीचे पाव्हणे यायलेत म्हणलं. दोन दिस लागले. एक काडी ठिवली न्हाई बघा."

मला आधी हसूच आलं. वर्षभर काचेवर धूळ टाकणाऱ्या बाईच्या वाट्याला हे आलं होतं. समितीतल्या एकाने घड्याळाकडे बघितलं. मॅडम काही क्षण त्या लखलखीत वावराकडे बघत राहिल्या. मग मायच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "लई सुंदर खुरपलंस, माय." आणि त्यांनी तिला हळूच सगळं सांगितलं, तण कशाला पाहिजे होतं ते.

माय दचकली. तोंडावर पदर गेला. पण क्षणभरच. "मग माझ्या वावरात चला की," ती म्हणाली. "दोन दिस हिकडं व्हते, तिकडं हात लागला न्हाई. इतकं माजलंय, कापूस हुडकावा लागतोय."

"नको," मॅडम एकदम म्हणाल्या. तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. "तुझं एकच वावर आहे. कापलं बिपलं तर?"

"तर कापलं. इतके दिस लोकाच्या रानावर शिकवलंस, तवा न्हाई भ्यालीस. माझ्या वावराला कावून भ्यायलीस?"

आबाच पहिले उठले. त्यांचा मंडप, त्यांचे फेटे, सगळं तिथंच सोडून त्यांनी ट्रॅक्टर मागवला, वासरू ट्रॉलीत चढवलं, समितीला आपल्या गाडीत बसवलं आणि गायरानाकडे निघाले. मोठेपणाची खुर्ची ज्याला अशी पटकन सोडता येते तो माणूस, निवडणुकीत पडो की येवो, माझ्या लेखी मोठा.

मायचं वावर माळाच्या उतारावर होतं. मातीपेक्षा दगड जास्त. ओळी वाकड्या, मध्ये मध्ये सरकी न उगवल्याने नांगे पडलेले, आणि सगळीकडे तण. प्रमुखांनी बांधावर उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "यात मलाच ओळ दिसत नाही." मॅडम म्हणाल्या, "डोळे बारीक करा, सर." ते आधी ओशाळले, पण त्यांनी केले. मग बाकीच्या दोघांनी केले. मग आबांनी. गायरानाच्या बांधावर विद्यापीठाची अख्खी समिती डोळे मिचकावत उभी आहे, हे दृश्य आमच्या प्राचार्यांनी बघायला हवं होतं.

वासरू निघालं. पहिल्या ओळीत ते डुगडुगत गेलं, दगडावर चढलं, उतरलं, पण ओळ सोडली नाही. मागे तण आडवं पडत होतं आणि कापसाची रोपं मोकळी होऊन उभी राहत होती, जणू कुणी त्यांच्या डोक्यावरचं पांघरूण काढलं. मी वेल्ड केलेल्या सांध्यांकडे बघत होतो की त्या रोपांकडे, आता आठवत नाही. एका ठिकाणी मोठा नांगा होता. तिथं ते थांबलं. पिवळा दिवा. समितीतल्या एकाने विचारलं, "बंद पडलं का?" मॅडम म्हणाल्या, "नाही. त्याला ओळ दिसेना, म्हणून उभं आहे." त्या गेल्या, हाताने त्याला नांग्यापलीकडे नेऊन ठेवलं, आणि ते पुन्हा चालू लागलं. प्रमुखांनी मान हलवली, पण ती कौतुकाची की शंकेची, ते कळलं नाही.

सगळे मॅडमच्या संगणकाच्या पडद्यावर वासराच्या कॅमेऱ्यातली चित्रं बघत होते. माय मात्र वासराच्या मागोमाग चालत होती, खुरपायला चालावं तशी वाकून. शेवटच्या ओळीला वासरू बांधाला लागलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुखांनी मायला विचारलं, "मावशी, तुम्ही मागे होतात. किती रोपं कापली?"

"एकबी न्हाई," माय म्हणाली.

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. मॅडमनी टाळी वाजवली नाही. त्या मायकडे बघत होत्या, मान मागे घेऊन, डोळ्यांच्या फटी करून. मायने पदराची ओटी कमरेला घट्ट खोचली होती. मॅडम म्हणाल्या, "माय, ओटी सोड."

"काय न्हाई तिच्यात. तण हाय."

"सोड गं."

मायने ओटी सोडली. मूठभर केन्यात कापसाची दोन रोपं होती, बुडाशी कापलेली. माय समितीकडे वळून तणतणली, "वावर माझं हाय, रोपं माझी हायेत. मीच उपटली म्हणा! लेकरानं वर्सभर जीव काढलाय, तुमाला दोन रोपाचं काय पडलंय?"

"मला पडलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ती रोपं तळहातावर घेतली, मागे जाऊन जागा शोधली, आणि समितीला तिथं नेलं. लहानसा नांगा होता. त्यात लव्हाळा उगवला होता, तोही नेमका रांगेत, जरा बाजूला. तणात एकी झाली होती. वासराने त्यालाच ओळ मानलं आणि खरी ओळ पासेखाली आली. "दोन रोपं कापली, सर. आणि यापुढे कापू नयेत म्हणून काय करायचं ते मला अजून माहीत नाही. असं लिहा."

प्रमुख म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं."

"मायला कळलं होतं," मॅडम म्हणाल्या.

मी पस्तीस वर्षं नोकरी केली. पाहुण्यांपुढे चालू होणारी आणि पाहुणे गेले की बंद पडणारी यंत्रं किती बघितली त्याची गणती नाही; त्यातली दोन-चार मीही रंगवून दिली आहेत. हातात दोन कापलेली रोपं घेऊन स्वतःची चूक दाखवणारी ती एकच बाई बघितली, आणि तिच्या वासराचे पाय मी जोडलेले आहेत, हे मी कुठल्याही लग्नात ओळखदेख नसलेल्या माणसालाही सांगतो. बायको म्हणते, आता पुरे. मला नाही वाटत पुरे.

प्रमुख जाताना म्हणाले, "पुढच्या हंगामात पुन्हा येऊ. याच वावरात." काम चालू राहिलं. मॅडमनी वर्षभर नांग्यांचा पिच्छा पुरवला. शेवटी त्यांनी वासराला शेजारच्या ओळींकडे बघायला शिकवलं. आपली ओळ तुटली तर डावी-उजवीकडची ओळ किती अंतरावर आहे त्यावरून आपली कुठून जात असणार ते ठरवायचं. आणि नांग्यात कुणी परका रांग धरून बसला असेल तर शेजारचे त्याच्या बाजूने मत देत नाहीत. एवढं जमलं आणि त्याच उन्हाळ्यात त्यांना दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेने बोलावलं. समितीच्या प्रमुखांनीच नाव सुचवलं होतं, असं नंतर कळलं.

निरोपाच्या दिवशी त्या कर्मशाळेत आल्या. माझ्या खिशातलं मऊ फडकं त्यांनी आदल्या दिवशी मागून नेलं होतं, ते धुऊन, इस्त्री करून आणलं होतं. "आता काच पुसली तरी चालेल, सर," म्हणाल्या. "त्याची नजर पक्की झाली." मी फडकं घेतलं. मोठं काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. म्हटलं, "तिकडं गेल्यावर कुणाकडे डोळे बारीक करून बघू नका. लोकांचा गैरसमज होतो." त्या हसल्या आणि माझ्याकडे तशाच बघत राहिल्या. मी पुसट दिसलो असेन तर बरंच, कारण माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं नव्हतं.

हंगामाला समिती खरंच आली. मायच्या वावरात तण होतं, कारण या वेळी मी आठवडाभर आधी जाऊन तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं होतं. वासरू मीच सोडलं. आबांनी मोबाइल धरला होता, पलीकडे मॅडम. पण माळावर नेटवर्क कसलं! चित्र फुटत होतं, चौकटी चौकटी व्हायच्या, आवाज यायचा तर तोंड थिजायचं, तोंड हलायचं तर आवाज जायचा. वासरू एकेक ओळ संपवत गेलं. नांग्यापाशी त्याने वेग कमी केला, मला वाटलं आता दिवा लागणार. लागला नाही. ते सरळ पुढे गेलं. मागे माय, कमरेत वाकून, पदराची ओटी खोचून.

वासरू बांधाला लागलं तेव्हा प्रमुखांनी काही विचारायच्या आतच माय मोबाइलसमोर येऊन उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. तिने कमरेची ओटी सोडली, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि झटकला. केन्याची चार पानं खाली पडली. दुसरं काही नव्हतं.

"दिसायलंय का गं?" माय ओरडली.

पडद्यावर नुसत्या चौकटी होत्या. तिकडे मॅडमनाही आम्ही तसेच दिसत असणार, रंगांचा गोंधळ, त्यात कुठंतरी एक म्हातारी. मी आबांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. चित्र क्षणभर जुळलं. मान मागे घेतलेली होती आणि डोळ्यांच्या दोन बारीक फटी होत्या, वाहणाऱ्या.

"दिसायलंय, माय," आवाज आला. "मोकळी हाय ओटी."

मग चित्र गेलं. मायने पदर पुन्हा खोचला, मागे वळली आणि वासराने एका रोपाच्या अगदी बुडाशी म्हणून सोडलेलं तण उपटायला वाकली.